मेंदूतल्या मिठांचा हिशेब

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियमचा आकडा ३.५ ते ५च्या दरम्यान असला की डॉक्टरांची नजर पुढच्या ओळीवर सरकते. तो ६.५च्या वर गेला तर ताबडतोब ईसीजी काढला जातो, कारण हृदयाची लय बिघडण्याची भीती असते. मेंदूतल्या पेशींना वेढणाऱ्या द्रवात हाच आकडा लिटरमागे ३ मिलिमोलच्या आसपास असतो. रक्तातल्या चढउतारांची झळ मेंदूला सहसा लागत नाही. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती चोख राखण करतात. खरा प्रश्न आतल्या सांडलवंडीचा आहे. चेतापेशी संदेश पाठवते ती सोडियम आत घेऊन आणि पोटॅशियम बाहेर सोडून. बोट हलवलं, नाव आठवलं, पायऱ्या उतरताना तोल सावरला, की कुठे ना कुठे पोटॅशियम बाहेर पडलंच. अपस्माराच्या झटक्यात प्राण्यांच्या मेंदूत हा आकडा १० ते १२पर्यंत चढलेला मोजला गेला आहे.

त्यात जागेची टंचाई. मेंदूच्या एकूण आकारमानापैकी पेशींबाहेरच्या द्रवाच्या वाट्याला जेमतेम २० टक्के जागा येते, आणि दोन पेशींमधल्या फटी मोजायच्या तर नॅनोमीटरमध्ये. इतक्या चिंचोळ्या जागेत थोडं पोटॅशियम पडलं तरी त्याचं प्रमाण झपाट्याने वाढतं. बाहेरचं पोटॅशियम वाढलं की शेजारच्या चेतापेशी अधिक सहज पेटतात, त्या पेटल्या की आणखी पोटॅशियम बाहेर येतं, आणि हे चक्र वेळेत तोडलं नाही तर सगळा भाग एकदम उसळतो किंवा एकदम गप्प होतो.

हे चक्र तोडणाऱ्या पेशी म्हणजे ॲस्ट्रोसाइट. चांदणीसारख्या दिसणाऱ्या, चेतापेशींच्या शेजारी दाटीने पसरलेल्या या पेशींना शंभर वर्षं कुणी फारसं मोजलं नाही. रुडॉल्फ व्हिर्खो या जर्मन वैद्याने १८५६ मध्ये चेतापेशींमधल्या पदार्थाला न्यूरोग्लिया म्हटलं तेव्हा तो त्याला सांधे भरणारा माल वाटला होता. पुढे गोल्जी आणि काहाल या शास्त्रज्ञांनी धातूंच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवले. या पेशींचे फाटे एकीकडे चेतापेशींना आणि दुसरीकडे रक्तवाहिन्यांना टेकलेले आहेत हे त्यातून दिसलं. पण रंगवलेली पेशी मेलेली असते. तिच्या पटलातून काय आत जातं आणि काय बाहेर येतं ते काचेच्या पट्टीवर कळत नाही.

ॲस्ट्रोसाइट ज्या कुळातल्या, त्या ग्लिया पेशी मेंदूत चेतापेशींच्या दहापट असतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून वर्षानुवर्षं फिरलं. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रत्यक्ष मोजणी प्रसिद्ध केली: माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि बाकीच्या सगळ्या पेशी मिळून जवळपास तितक्याच. संख्येचा दबदबा गेला, पण त्याने काही बिघडलं नाही. ॲस्ट्रोसाइटचं महत्त्व तिच्या पसाऱ्यात आहे. एकेक पेशी स्वतःचा मुलूख राखून असते, शेजारणीच्या हद्दीत फारशी घुसत नाही. उंदरांच्या कुळात एका ॲस्ट्रोसाइटच्या हद्दीत २० हजार ते १ लाख २० हजार चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले संदेशबिंदू, येतात. माणसात हा अंदाज २० लाखांपर्यंत जातो.

या पेशी पोटॅशियमशी बांधलेल्या आहेत याचा सुगावा लागला तो समुद्रातल्या आणि तळ्यातल्या जिवांमुळे. १९५६ मध्ये फ्रँकेनहॉयझर आणि हॉजकिन यांनी माकुळाच्या जाडजूड चेतातंतूवर काम करताना दाखवलं की लागोपाठ संदेश गेले तर तंतूभोवतीच्या अरुंद फटीत पोटॅशियम साठत जातं. मग ते उचलतं कोण? १९६५ मध्ये लिओ हर्ट्झ यांनी सुचवलं की ग्लिया पेशी ते ऊर्जा खर्चून आत ओढत असाव्यात. पुढच्याच वर्षी हार्वर्डमधून स्टीफन कफलर, जॉन निकल्स आणि रिचर्ड ऑर्कंड यांचे शोधनिबंध आले आणि पुढची चाळीस वर्षं चर्चा त्यांच्याभोवती फिरत राहिली.

तो प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. नेक्ट्युरस हा उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत राहणारा, आयुष्यभर बाहेर कल्ले मिरवणारा उभयचर. त्याच्या दृष्टिचेतेतल्या ग्लिया पेशी मोठ्या असतात, त्यामुळे त्यांत काचेचा सूक्ष्म इलेक्ट्रोड खुपसता येतो. संशोधकांनी आत शिरून विद्युतदाब मोजला: उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे चेतापेशींहूनही खोल. मग चेतातंतूंना विजेचा हलका चिमटा दिला. तंतूंमधून संदेश धावले. ग्लिया पेशीने मात्र एकही ठिणगी टाकली नाही. तिचा विद्युतदाब हळूहळू शून्याच्या दिशेने सरकला, संदेश थांबल्यावर तितक्याच सावकाश परत आला. बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम मुद्दाम बदलून पाहिलं तर आतल्या-बाहेरच्या आयनांच्या प्रमाणावरून विद्युतदाब सांगणाऱ्या नेर्न्स्टच्या समीकरणानुसार तो जवळजवळ काटेकोरपणे बदलला. ही पेशी म्हणजे निसर्गाने ठेवलेला पोटॅशियम-मीटरच होता.

यावरून त्यांनी जी कल्पना मांडली ती देखणी होती. जिथे पोटॅशियम जास्त तिथे ग्लिया ते आपल्या पटलातल्या पोटॅशियम वाहिन्यांतून आत घेते. आतून पेशी एकमेकींना सूक्ष्म छिद्रांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे विद्युतप्रवाह पुढे जातो. आणि जिथे पोटॅशियम कमी तिथे तितकंच बाहेर सोडलं जातं. ऊर्जा खर्च होत नाही, पंप लागत नाही. १९८४ मध्ये एरिक न्यूमन यांनी सॅलॅमँडरच्या डोळ्यातल्या म्युलर या ग्लिया पेशी मोजल्या तेव्हा या कल्पनेला जोर आला. पेशीच्या पटलाची ९४ टक्के वाहकता तिच्या एका टोकाशी, डोळ्यातल्या काचद्रवाला टेकलेल्या पायाशी एकवटलेली निघाली. पोटॅशियम बाहेर सोडायला याहून सोयीची जागा कोणती? १९८७ मध्ये पॉलसन आणि न्यूमन एक पाऊल पुढे गेले: ॲस्ट्रोसाइट रक्तवाहिनीला टेकलेल्या पायातून पोटॅशियम सोडत असेल, आणि त्याने रक्तवाहिनी रुंदावून काम करणाऱ्या भागाला जास्त रक्त मिळत असेल.

देखण्या कल्पनांचं विज्ञानात जे होतं ते इथेही झालं. २००७ मध्ये न्यूमन यांच्याच प्रयोगशाळेने ही शक्यता तपासून पाहिली. ज्या उंदरांच्या ग्लियात ही पोटॅशियम वाहिनी नव्हती, त्यांच्याही डोळ्यातल्या रक्तवाहिन्या प्रकाशाला प्रतिसाद देऊन नेहमीसारख्या रुंदावल्या. स्वतःच्याच कल्पनेला नकार देणारा निबंध छापण्याची ही प्रथा शास्त्रात असावी तितकी रूढ नाही. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीतून दुसरा धक्का आला होता. ॲस्ट्रोसाइट पेशींना एकमेकींशी जोडणारी दोन्ही प्रथिनं, कनेक्सिन ४३ आणि कनेक्सिन ३०, उंदरांतून काढून टाकली. पोटॅशियमचा निचरा मंदावला, पण बंद पडला नाही. जोडणी तोडूनही बरंचसं काम चालूच होतं.

मग काम करतं कोण? उत्तर हर्ट्झ यांनी १९६५ मध्ये दिलं होतं त्याच्या जवळपास आहे: पंप. येन्स स्कौ हा डेन्मार्कचा वैद्य. त्याने १९५७ मध्ये खेकड्याच्या पायांतल्या चेतांचा चुरा करून त्यातलं एक विकर अभ्यासलं. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तरच ते एटीपी हे पेशीचं इंधन जोमाने फोडतं, हे त्याच्या लक्षात आलं. एका एटीपीच्या बदल्यात ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत. चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याला रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हा पंप शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत आहे, पण त्याची घडण सगळीकडे सारखी नसते. ॲस्ट्रोसाइटमध्ये अल्फा-२ हा प्रकार भरपूर असतो, आणि बाहेरचं पोटॅशियम ३वरून थोडं वर सरकलं की इथला पंप वेग पकडतो. २०१४ मध्ये कोपनहेगनमधल्या एका गटाने उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात तीन दावेदारांचा वाटा वेगळा करून पाहिला. पंपाचा वाटा सर्वांत मोठा निघाला, केआयआर ४.१ या पोटॅशियम वाहिनीने चालू कामात हातभार लावला; आणि एनकेसीसी-१ हा सहवाहक, ज्याला अनेक वर्षं श्रेय दिलं जात होतं, त्याचा वाटा निचऱ्यात दिसलाच नाही.

याच पंपाला कुलूप घालणारं विष महाराष्ट्रात कुंपणाकुंपणावर फुलतं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्या बियांतली द्रव्यं हृदयरोगात दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनच्या कुळातली आहेत आणि सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. विषबाधेत माणूस जातो तो हृदयाने, कारण ही द्रव्यं मेंदूत सहजी शिरत नाहीत. प्रयोगशाळेत त्याच कुळातलं उआबेन मेंदूच्या कापावर टाकलं की पोटॅशियम आवरेनासं होतं.

वाहिनीपेक्षा पंपाचं काम मोठं निघालं, यात निव्वळ श्रेयवाटपाचा प्रश्न नाही. पंप मध्यभागी ठेवला की ॲस्ट्रोसाइटची बाकीची सगळी कामं एका धाग्यात येतात. पंप सोडियम सतत बाहेर काढतो, त्यामुळे पेशीत ते १५ मिलिमोलच्या आसपास आणि बाहेर १४५च्या घरात राहतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवून ठेवलं की खालचे सगळे नळ चालतात, तसं बाहेर चढवलेलं हे सोडियम परत आत यायला पाहतं, आणि येताना दुसरं काहीतरी ओढून आणतं. वीज गेली, टाकी रिकामी झाली, की एकच नळ बंद होतो असं होत नाही.

सर्वांत मोठा नळ ग्लुटामेटचा. मेंदूतल्या बहुतेक उत्तेजक संदेशांचं हे चलन. चेतासंधीवर ते क्षणभर ओतलं जातं आणि लगेच उचलावं लागतं, कारण रेंगाळलेलं ग्लुटामेट चेतापेशींना अतिउत्तेजित करून मारून टाकतं. बाहेर त्याचं प्रमाण नॅनोमोलच्या दशकांत, पेशींच्या आत मिलिमोलमध्ये. हा चढ लाखोपटींचा आहे. तो चढायला ॲस्ट्रोसाइटचा वाहक ग्लुटामेटच्या एका रेणूबरोबर ३ सोडियम आणि १ प्रोटॉन आत घेतो, १ पोटॅशियम बाहेर सोडतो. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखर-पाणी देतात त्यामागचं तत्त्व याच घराण्यातलं आहे: आतड्यातही सोडियम साखरेला सोबत घेऊन आत शिरतं आणि पाणी मागोमाग येतं.

या वाहकाची संख्या थक्क करणारी आहे. नील्स डान्बोल्ट यांच्या मोजणीनुसार जीएलटी-१ हा एकटा वाहक मेंदूतल्या एकूण प्रथिनांच्या जवळपास १ टक्का भरतो. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी हा वाहक नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांना आपोआप झटके येऊ लागले आणि बहुतेक लवकर मेले. ॲस्ट्रोसाइटच्या एका प्रथिनाविना चेतापेशी स्वतःच्याच संदेशांनी भाजून निघतात, हे इतक्या स्पष्टपणे आधी दिसलं नव्हतं.

त्यावरून औषधाची आशा निर्माण झाली. २००५ मध्ये असं आढळलं की सेफ्ट्रियाक्झोन हे रुग्णालयांत रोज वापरलं जाणारं प्रतिजैविक उंदरांत जीएलटी-१ वाढवतं. एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजारात ग्लुटामेट साचतं असा अंदाज होताच. जुनं औषध, ओळखीचे दुष्परिणाम, उंदरांत चांगला निकाल. माणसांवरची मोठी चाचणी फायदा न दिसल्याने २०१२ मध्ये थांबवली गेली. ॲस्ट्रोसाइट संशोधनात अशी उदाहरणं थोडी नाहीत, आणि ती उत्साही लेखांतून हमखास गळतात.

उचललेल्या ग्लुटामेटचं पुढे काय होतं? ॲस्ट्रोसाइट त्यात अमोनिया घालून ग्लुटामिन बनवते आणि ते निरुपद्रवी रूपात चेतापेशीला परत देते. हे करणारं विकर मेंदूत मुख्यतः ॲस्ट्रोसाइटमध्येच असतं. म्हणून यकृत निकामी झालेल्या रुग्णात रक्तातला अमोनिया वाढला की पहिला भार याच पेशींवर येतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात थरथरतात, बोलणं भरकटतं. बरीच वर्षं याचा दोष साचणाऱ्या ग्लुटामिनला आणि त्यामुळे येणाऱ्या सुजेला दिला जात होता. २०१३ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासाने वेगळी साखळी दाखवली. अमोनियम आयन पोटॅशियमसारखाच वागतो, पंपाच्या जागा अडवतो, बाहेरचं पोटॅशियम वाढतं, आणि त्यामुळे गाबा हा एरवी शांत करणारा संदेश शांत करेनासा होतो. सूज त्या उंदरांत उशिरा आली, झटके आधी. एरवी विषारी पदार्थाने पेशी मरतात असं आपण धरून चालतो. इथे पेशी जिवंतच असते, तिचा हिशेब तेवढा चुकतो.

सोडियम आत आलं की ते बाहेर काढायला एटीपी लागतो, म्हणजे ग्लुकोज लागतं. यावरून १९९४ मध्ये पेलेरिन आणि माजिस्त्रेत्ती यांनी मांडलं की ग्लुटामेट उचलणारी ॲस्ट्रोसाइट ग्लुकोज अर्धवट जाळते आणि तयार झालेलं लॅक्टेट चेतापेशीला इंधन म्हणून देते. तीस वर्षं झाली, या मांडणीवरचे वाद मिटलेले नाहीत. चेतापेशी गरज पडली की स्वतः ग्लुकोज वापरतात याचेही भक्कम पुरावे आहेत. आम्लतेचा हिशेबही याच पेशी सांभाळतात: पोटॅशियम वाढून विद्युतदाब सरकला की बायकार्बोनेट सोडियमबरोबर आत येतं आणि आतली आम्लता घटते.

इथे एका फॅशनचा उल्लेख करायला हवा. १९९० मध्ये ‘सायन्स’मध्ये संवर्धित ॲस्ट्रोसाइट पेशींमधून धावणाऱ्या कॅल्शियमच्या लाटा प्रसिद्ध झाल्या, आणि या पेशीही ‘बोलतात’ असा गाजावाजा सुरू झाला. त्या चेतासंधींवर स्वतःचे रासायनिक संदेश सोडतात का, किती, कधी, यावर दोन तट पडले आणि आजही आहेत. त्या चर्चेत सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारी रंगीत चित्रं होती. पंपांच्या चर्चेत आकडे. स्वाभाविकच निधी आणि नजर चित्रांकडे गेली. पण आजार कुठून येतात हे पाहिलं तर पंप आणि वाहिन्यांचा पुरावा कितीतरी ठोस आहे, कारण तिथे जनुकं थेट बोट दाखवतात.

अर्धशिशीचं उदाहरण घ्या. १९४१ मध्ये कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या अर्धशिशीत दिसणारी चमचमती नागमोडी रेघ दृष्टीत कशी सरकते ते कागदावर नोंदवलं आणि हिशेब मांडला: दृष्टीच्या बाह्यकावरून काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने पसरत असावं. १९४४ मध्ये आरिस्तिदेस लेआओ हा तरुण ब्राझिलियन हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूत अपस्मार अभ्यासत होता. त्याला झटक्याऐवजी उलटंच काही दिसलं. मेंदूची विद्युत-हालचाल एका जागी थंडावली आणि ती शांतता मिनिटाला काही मिलिमीटरच्या गतीने चहूकडे पसरत गेली. त्या लाटेच्या पुढच्या कडेला पोटॅशियम ३०, ५०, कधी त्याहूनही वर चढतं हे नंतर मोजलं गेलं. दोन्ही निरीक्षणांचा वेग जुळतो हे ध्यानात यायला बरीच वर्षं लागली.

२००३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी अर्धांग लुळं पाडणाऱ्या अर्धशिशीची कुटुंबं तपासली आणि एटीपी-१-ए-२ हे जनुक सापडलं. हे अल्फा-२ पंपाचं जनुक, म्हणजे प्रौढ मेंदूत मुख्यतः ॲस्ट्रोसाइटचं. पंपाची अर्धी क्षमता गेली की पोटॅशियम आणि ग्लुटामेट दोन्ही उशिरा उचलले जातात आणि लाट सहज सुटते. त्याच दोषाचे उंदीर बनवल्यावर नेमकं हेच दिसलं. डोकेदुखीचा इतका थेट धागा चेतापेशींबाहेरच्या पेशीशी जुळण्याचं हे पहिलं मोठं उदाहरण. डोक्याला जबर मार लागलेल्या किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रियेच्या वेळी ठेवलेल्या इलेक्ट्रोड पट्ट्यांनी अशाच लाटा नोंदवल्या आहेत. तिथे त्या निरुपद्रवी नसतात. रक्तपुरवठा आधीच तोकडा असलेल्या भागात प्रत्येक लाट नुकसान वाढवते.

पक्षाघातात टाकी खरोखरच रिकामी होते. रक्त थांबलं, एटीपी संपला, सोडियमचा चढ ढासळला, आणि ग्लुटामेट आत ओढणारे वाहक उलटे फिरून ते बाहेर सोडू लागतात. १९९० मध्ये डेव्हिड ॲटवेल यांच्या लंडनमधल्या गटाने सॅलॅमँडरच्या ग्लिया पेशींत हे उलटं फिरणं दाखवलं. दहा वर्षांनी त्याच गटाने स्तनधारी मेंदूत तपासलं तर सुरुवातीचा बहुतेक ग्लुटामेट चेतापेशींच्या वाहकांतून येत असल्याचं आढळलं. आरोपी बदलला, यंत्रणा तीच राहिली.

पाण्याचा हिशेब आयनांपासून वेगळा काढता येत नाही. ॲस्ट्रोसाइटचे जे पाय रक्तवाहिन्यांना टेकतात तिथे ॲक्वापोरिन-४ या पाण्याच्या वाहिन्या दाटीने बसवलेल्या असतात. पाण्याच्या वाहिन्या शोधणारे पीटर ॲग्रे आणि पोटॅशियम वाहिनीची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन यांना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं. ॲस्ट्रोसाइटच्या अभ्यासकांना ती जोडी फारच सोयीची वाटली असणार. २०००मध्ये ॲक्वापोरिन-४ नसलेल्या उंदरांत पक्षाघातानंतरची सूज कमी दिसली, आणि ही वाहिनी बंद करणाऱ्या औषधाचे बेत सुरू झाले. २००४ मध्ये कळलं की गळक्या रक्तवाहिन्यांमुळे येणाऱ्या सुजेत याच उंदरांची अवस्था जास्त वाईट होते, कारण साचलेलं पाणी बाहेर जाण्याची वाटही तीच. दार आत उघडतं तसं बाहेरही. झोपेत याच वाहिन्यांच्या आधाराने मेंदू धुतला जातो, ही २०१२-१३ मधली गाजलेली मांडणी अजून वादात आहे.

घराघरांत ऐकू येणारं एक वाक्य इथे थेट लागू पडतं: आजोबांचं सोडियम कमी झालं म्हणून ॲडमिट केलं. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूत शिरतं आणि सर्वांत आधी फुगतात त्या ॲस्ट्रोसाइट. कवटी ताणली जात नाही, म्हणून त्या आधी पोटॅशियम आणि क्लोराइड, मग टॉरिन, मायो-इनोसिटॉल यांसारखे रेणू बाहेर टाकून एक-दोन दिवसांत पुन्हा मूळ आकाराला येतात. नातेवाईक विचारतात, सोडियम लगेच वर का आणत नाही? कारण जुळवून घेतलेल्या या पेशींना टाकून दिलेले रेणू तितक्या चटकन परत मिळवता येत नाहीत. घाईने सोडियम चढवलं तर त्या आकसतात, मरतात, आणि त्यांच्यामागोमाग चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण उसवतं. म्हणूनच जुनाट कमतरतेत २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त वाढ होऊ द्यायची नाही असा दंडक आहे.

ॲक्वापोरिन-४वर शरीराची प्रतिकारशक्तीच चालून गेली तर न्यूरोमायलायटिस ऑप्टिका होतो: डोळ्यांची आणि मज्जारज्जूची दाहक इजा. हा मल्टिपल स्क्लेरोसिसचाच प्रकार समजला जायचा. २००४-०५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये व्हांडा लेनन यांच्या गटाने रुग्णांच्या रक्तातलं प्रतिपिंड आणि त्याचं लक्ष्य ओळखलं, आणि आजाराचं नाव, उपचार, सगळंच वेगळं झालं. मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं या रुग्णांना अपायकारक ठरतात. ही रक्ततपासणी आता भारतातल्या मोठ्या प्रयोगशाळांतही होते.

राहिली केआयआर ४.१ ही वाहिनी. निचऱ्यात तिचा वाटा पंपापेक्षा कमी असला तरी ॲस्ट्रोसाइटचा खोल विद्युतदाब तिच्यामुळे टिकतो, आणि त्या दाबाशिवाय ग्लुटामेटचा वाहक मंदावतो. अपस्मारासाठी शस्त्रक्रिया करून काढलेल्या हिप्पोकॅम्पसच्या तुकड्यांत हा प्रवाह घटलेला आढळला आहे. हंटिंग्टन रोगाच्या उंदरांत तो कमी असतो. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विषाणूच्या साहाय्याने ही वाहिनी पुन्हा घातल्यावर त्यांचं आयुष्य थोडं लांबलं. कमी म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगलं असा सरळ कौल मात्र देता येत नाही. २०१८ मध्ये चीनमधल्या हायलान हू यांच्या गटाने नैराश्यसदृश लक्षणं असलेल्या उंदरांत मेंदूच्या हॅबेन्युला भागात ही वाहिनी नेमकी वाढलेली दाखवली. पोटॅशियम गरजेपेक्षा जास्त उपसलं गेलं, चेतापेशींचा दाब फार खोल गेला, आणि त्या थांबत-थांबत झोतांनी पेटू लागल्या. त्याआधीच, २००७ मध्ये, नैराश्यावरची काही प्रचलित औषधं प्रयोगशाळेत हीच वाहिनी अडवतात हे दिसलं होतं. रुग्णाला मिळणाऱ्या मात्रेत त्याचा कितपत उपयोग होतो हा वेगळा प्रश्न.

माणसात ही वाहिनी जन्मापासून बिघडली तर काय होतं ते २००९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी सांगितलं. तिच्या केसीएनजे-१० या जनुकात आई-वडील दोघांकडून दोष आला की मुलाला तान्हेपणीच झटके येतात. चालायला लागल्यावर तोल जातो, ऐकू कमी येतं, आणि मूत्रपिंडातून क्षार वाहून जातात. चारही लक्षणांची आद्याक्षरं घेऊन त्याला ईस्ट सिंड्रोम म्हणतात. एकच वाहिनी मेंदूत, आतल्या कानात आणि मूत्रपिंडाच्या नलिकेत काम करते, म्हणून वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे फिरणाऱ्या या मुलांचा आजार एकच निघाला. याच जनुकाचा दोष २०१४ मध्ये रसेल टेरियर जातीच्या, लहान वयातच झोकांड्या खाणाऱ्या कुत्र्यांत सापडला.

या मुलांच्या रक्तात पोटॅशियम कमी असतं, आणि मेंदूत चेतापेशींभोवती पडलेलं पोटॅशियम मात्र वेळेवर उचललं जात नाही. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी रक्तातले आकडे सावरतात. झटके नेहमीच्या अपस्मारविरोधी औषधांनी बऱ्याचदा आटोक्यात येतात, वय वाढेल तसे विरळही होतात. चाल आणि ऐकणं यांवर गोळ्यांचा परिणाम होत नाही. तिथे श्रवणयंत्र आणि फिजिओथेरपी यांचाच आधार घ्यावा लागतो.